साडेपाच गुण

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलेली, आता पुठ्ठ्यावर तेलाचे डाग पडलेली. तिच्यात एकसष्ट वाडग्यांचे गुण लिहिलेत. रश्शाला चार, नूडल्सना तीन, मांसाला दोन आणि वरच्या सगळ्या लवाजम्याला मिळून एक, असे दहा. आकडे देवनागरी, शेरे मराठीत. जपानी माणसाच्या दुकानात बसून त्याच्याच अन्नाला नावं ठेवायची, तर एवढी खबरदारी घ्यावीच लागते.

वाडगे सगळे एकाच जातीचे. तोन्कोत्सु रामेन. तोन् म्हणजे डुक्कर, कोत्सु म्हणजे हाडं. एका स्वराच्या फरकानं होणारं तोन्कात्सु निराळं, ते पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं मांस. नवशिकी असताना मी या दोघांत गल्लत केली होती आणि रश्शाची वाट बघत कटलेटसमोर बसले होते. तर तोन्कोत्सु म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास खळाखळा उकळून काढलेला पांढरा रस्सा, त्यात गव्हाच्या सरळ, बारीक नूडल्स, वर चाशूच्या, म्हणजे मुरवून शिजवलेल्या मांसाच्या दोन-तीन चकत्या, कांद्याची पात, काळ्या अळंबीचे काप, तीळ. झालं. एवढ्यासाठी एकसष्ट वेळा वही उघडायची म्हणजे रिकामटेकडेपणाच, हे मला मान्य आहे.

हे खूळ लागलं टोकियोत. पुण्यात जपानी शिकून मी दुभाषी झाले आणि कंपनीनं सहा महिन्यांसाठी तिकडे धाडलं. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी पावसात भिजून स्टेशनाजवळच्या एका दुकानात शिरले. दारात तिकिटांचं मशीन. अशा मशीनवर सगळ्यांत वरचं डावीकडचं बटण सहसा त्या दुकानाच्या मुख्य पदार्थाचं असतं, असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं. ते दाबलं. पाच-सात मिनिटांत समोर वाडगा आला. साय धरावी इतका दाट रस्सा, वर करपवलेल्या लसणाच्या काळ्या तेलाची नक्षी, आत बलक वाहता ठेवलेलं अर्धं अंडं. दुसऱ्या घोटाला ओठ एकमेकांना चिकटले. घरी पाया खाल्लेल्या माणसाला हा चिकटपणा चांगला ओळखीचा असतो.

बाहेर येऊन आधी मामांना फोन लावला. आमच्या घरातल्या प्रत्येक जत्रेला रस्सा मामांच्या हातचा असतो. मसाला बायका वाटतात, पण चुलीपाशी मामांशिवाय कुणी उभं राहायचं नाही.

"मामा, हितं पांढरा रस्सा मिळतोय."

"जपानात? कोण करतंय?"

"जपानीच करतात."

"आणि नारळ कुठनं आणत्यात?"

"नारळ नाहीच. काजू नाही, खसखस नाही, तीळही वाटून घालत नाहीत. नुसती हाडं आणि पाणी."

पलीकडे जरा वेळ गप्प.

"मग पांढरा कसा हुतोय?"

मला सांगता येईना. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "मटण कसलं असतंय त्यात?" मी म्हटलं, "मामा, आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. आमच्या घरात मटण म्हणजे बकरं. दुसऱ्या कुठल्या जनावराचा विषयही निघत नाही, आणि या जनावराचा तर अजिबातच नाही.

पांढरा कसा होतो, याचं उत्तर सापडायला मला दोन महिने लागले. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शाचा रंग नारळाच्या दुधाचा, त्याच्या तळाशी असतं ते अळणी, म्हणजे मटण उकळलेलं साधं पाणी. मंद आचेवर उकळलेल्या पाण्यात चरबी वर येते, ती काढून घेतली की खाली स्वच्छ, आरपार दिसणारं सूप राहतं. तोन्कोत्सुवाला नेमकं उलट करतो. तो आच मोठी ठेवतो. पाणी इतकं खदखदतं की हाडं हाडांवर आपटत राहतात, चरबीला वर येऊन बसायला सवडच मिळत नाही, तिचे बारीक बारीक थेंब होऊन ती पाण्यात विखरत जाते. एवढ्यात हाडं, कातडी आणि सांध्यांतल्या कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं. ते या थेंबांभोवती बसतं आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. पाण्यात तरंगणारे चरबीचे असंख्य सूक्ष्म थेंब, त्यांच्यावर पसरणारा उजेड, म्हणून पांढरा रंग. दूधही याच कारणानं पांढरं दिसतं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे हाडाचं दूधच की." दोन महिन्यांचा माझा अभ्यास त्यांनी चार शब्दांत संपवला.

हे दूध काढायचं काम सोपं नाही. मांडीच्या हाडाच्या जाड टोकाला जपानीत गेन्कोत्सु म्हणतात, म्हणजे वळलेली मूठ. ती हाडं फोडून घेतात, कारण आतली मज्जा बाहेर यायला हवी. आपल्याकडे नळी ताटात आपटून चोखतात, इथे ती आधीच फोडून सगळ्या गावात वाटून टाकतात. हाडं पाण्यात भिजवून त्यांचं रक्त उतरवायचं, एक उकळी काढून ते पाणी फेकायचं, हाडांना चिकटलेलं काळं रक्त खरवडून काढायचं. या कामात हयगय झाली की रस्सा करडा पडतो आणि त्याला हिवसट वास येतो. मग बारा तास, पंधरा तास, काही ठिकाणी त्याहून जास्त. मधूनमधून वल्ह्याएवढ्या पळीनं तळ खरवडत राहायचा, कारण तळाला लागला की सगळं भांडं गेलं.

आणि इतकं करून त्यात मीठ नसतं! मीठ असतं वाडग्याच्या तळाशी आधीच ओतलेल्या तारे नावाच्या अर्कात, त्यावर गरम रस्सा पडतो. म्हणजे हंड्यात जे उकळतं ते इथेही अळणीच. हे कळलं त्या दिवशी मला उगाचच माहेरी आल्यासारखं वाटलं.

एका दुकानात मालकाच्या हातात एक छोटी दुर्बीण दिसली. रश्शाचा थेंब काचेवर टाकून तो उजेडाकडे धरून बघत होता. मी ओळखली. आमच्या पंचक्रोशीत उसाच्या फडात हीच दुर्बीण फिरते. कांड्यातल्या रसाचा थेंब टाकायचा आणि ब्रिक्स बघायचा, वीसच्या आसपास आला की ऊस तोडणीला तयार. रामेनवाला तिच्यात साखर मोजत नाही, रश्शात एकूण किती ऐवज विरघळलाय ते मोजतो. मी विचारलं, "ब्रिक्स का?" तो इतका चपापला, की मला वाटतं, त्यानं मला दुसऱ्या दुकानाची हेर समजलं असावं.

तर अशी मी तयार झाले. टोकियोत आणि योकोहामात मिळून बत्तीस वाडगे. पहिल्या पावसातल्या वाडग्याला साडेआठ दिले होते, पुढच्या सगळ्यांना त्याच्या शेजारी उभं करून मोजलं. त्याच्याहून पातळ असेल तर अर्धा गुण वजा. काळं तेल नसेल तर अर्धा. अंड्याचा बलक घट्ट झाला असेल तर पाव. कडक मास्तरीण होते मी.

मग फुकुओकाला बदली झाली, तीन महिन्यांसाठी. फुकुओका म्हणजे क्यूशू बेटावरचं मोठं शहर, आणि तोन्कोत्सुचं घर समजलं जाणारं हाकाता हा त्याचाच जुना भाग. हाकाता आणि फुकुओका ही दोन गावं १८८९ मध्ये एक झाली. शहराला नाव एकाचं मिळालं आणि मुख्य स्टेशनाला दुसऱ्याचं. रामेनही हाकाताच्याच नावानं जगभर गेलं.

इथे आल्यावर माझ्या भाषेची आधी परीक्षा झाली. नूडल्स किती शिजवायच्या ते इथे गिऱ्हाईक सांगतं. मऊ हव्या तर यावा. साध्या तर फुत्सू. कडक हव्या तर काता. त्याच्यावर बारिकाता. बारि म्हणजे हाकाताच्या बोलीत खूप, फार. पुस्तकात हा शब्द मी शिकले नव्हते, पण ऐकताक्षणी कळलं की हे आपलं 'लई' आहे. बारिकाता म्हणजे लई कडक. त्याच्याही वर हारिगाने, म्हणजे तार. आणि सगळ्यांत वर कोनाओतोशी, म्हणजे नूडल्सवरचं कोरडं पीठ तेवढं झटकायचं, पाण्यात बुडवल्या न बुडवल्या की काढायच्या. मी एकदा हौसेनं मागवल्या. कच्ची कणीक खाल्ल्याचं सुख मिळालं. वहीत त्या दिवशी नूडल्सला शून्य आहे, आणि तो गुण खरं तर मला द्यायला हवा होता.

कडक का मागवायच्या, हे मात्र खाल्ल्याशिवाय कळत नाही. या नूडल्स बारीक, आणि पीठ मळताना पाणी अगदी कमी घातलेलं. त्या वाडग्यात पडल्यापासून रस्सा शोषायला लागतात. पहिला घास, तिसरा घास आणि सातवा घास या तीन वेगळ्या गोष्टी असतात. मी वाडगा आला की आधी फोटो, मग रंगाचं निरीक्षण, मग चमच्यानं रस्सा, मग वहीत नोंद, असं करत बसायचे. एका दुकानातल्या आजी एकदा काउंटरपलीकडून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी राहवलं नाही त्यांना. "अहो, ते वाट बघणार नाही हो तुमची," म्हणाल्या. ते म्हणजे वाडग्यातलं. मी घाईघाईनं खाल्लं, तोवर सगळं मऊ झालं होतं. नोंद मात्र केली: नूडल्स नरम, वजा एक.

दुसरी खास गोष्ट म्हणजे काएदामा. नागाहामा भागात मासळीबाजार १९५५ मध्ये आला. बाजारातल्या माणसांना उभ्या उभ्या, झटपट जेवायचं असायचं. नूडल्स बारीक केल्या की चटकन शिजतात. पण जास्त घालाव्यात तर खाऊन होईपर्यंत फुगतात. मग वाडग्यात थोड्याच घालायच्या आणि संपल्या की उरलेल्या रश्शात दुसरा गोळा टाकून द्यायचा, ही त्यावरची तोड. त्या दुसऱ्या गोळ्याला म्हणतात काएदामा. कोशात याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे बदली माणूस. एकाच्या नावावर दुसराच परीक्षेला बसला तर तोही काएदामा. मराठीत एका शब्दात सांगायचं तर तोतया! पानिपतानंतर भाऊसाहेबांचा उगवला होता तो. तेव्हापासून मी मनातल्या मनात "एक तोतया आणा" म्हणते.

वहीसाठी सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे इचिरान. फुकुओकातूनच मोठी झालेली ही साखळी. तिथे प्रत्येकाला एकट्याचा कप्पा, दोन्ही बाजूंना फळ्या, समोर पडदा. कडकपणा, तेल, लसूण, सगळं एका कागदावर खुणा करून द्यायचं. वाढणाऱ्याचे हातच तेवढे दिसतात. परीक्षा हॉलच. कुणाशी बोलायचं नाही, आणि बघायलाही कुणी नाही.

आमच्या ऑफिसातले काचो, म्हणजे विभागप्रमुख (जपानी ऑफिसात नावाऐवजी हुद्द्यानंच हाक मारतात), मूळचे कुरुमे गावचे. एका शुक्रवारी ऑफिसची पार्टी होती. बिअरच्या दुसऱ्या ग्लासानंतर ते मला म्हणाले, "तुम्ही कोल्हापूरच्या ना? मी खाल्लंय कोल्हापुरी. टोकियोत, इंडियन हॉटेलात. लाल होतं. बापरे, केवढं तिखट!"

मग मी सुटले. म्हटलं, कोल्हापुरात त्या नावाची भाजीच नाही. कुठल्या घरात आजवर कुणी व्हेज कोल्हापुरी केलेली नाही. वर दोन तळलेल्या मिरच्या रोवल्या की हॉटेलवाले त्याला आमचं नाव देतात. तांबडा रस्सा नुसता जाळ नसतो. त्याच्याजोडीला पांढरा असतो, तो तर तिखट नसतोच, त्याच्यात मिऱ्याची आणि खड्या मसाल्याची ऊब असते. लाल आणि जहाल म्हणजे कोल्हापुरी, हे कोल्हापूर न बघितलेल्या लोकांनी ठरवलंय, आणि आता तर कोल्हापूरला येणारे पाहुणेसुद्धा 'हे एवढं तिखट कसं नाही' म्हणून नाराज होतात. अर्धा तास बोलले असेन. शेजारचे दोघं उठून गेले. काचो मान डोलावत सगळं ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "रविवारी मोकळ्या आहात? कुरुमेला जाऊ या."

मला वाटलं, विषय बदलला.

फुकुओकातल्या तेन्जिन भागातून निशितेत्सु या खासगी रेल्वेच्या गाडीनं कुरुमे अर्ध्या-पाऊण तासावर आहे. गाडीत काचोंनी गोष्ट सांगितली. १९३७ मध्ये मियामोतो तोकिओ नावाच्या गृहस्थांनी कुरुमेत नान्किन सेन्र्यो नावाची हातगाडी सुरू केली. ते मूळचे नागासाकीकडचे, तिकडच्या चाम्पोन नावाच्या प्रकारात डुकराच्या हाडांचा रस्सा असतो. तो त्यांनी रामेनला लावला. तोन्कोत्सुची सुरुवात ही. पण तो रस्सा पांढरा नव्हता. पांढरा झाला दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, सान्क्यू नावाच्या दुसऱ्या गाडीवर. सान म्हणजे तीन, क्यू म्हणजे नऊ. तिचे मालक सुगिनो कात्सुमी. गोष्ट अशी सांगतात की, ते कामासाठी बाहेर गेले असताना हंड्याखालची आच मोठीच राहिली. परत येऊन बघतात तर सगळं गढूळ, पांढरं. टाकून देण्याआधी त्यांनी चव बघितली. तिथून हा पांढरा रस्सा क्यूशूभर पसरला.

"म्हणजे चूक होती ती," मी म्हटलं.

"हो," काचो म्हणाले. "पण त्यांनी चाखून बघितली."

त्या दुकानाचा पत्ता सांगायची गरज पडली नसती. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. मराठीत वासाला शब्दांचा तोटा नाही. घमघमाट म्हणता येणार नाही असा, दर्प म्हणावं तर तितका टोचणारा नाही, उग्र आहे, पण कुजका नाही. सुक्या बोंबलांच्या बाजारातून जाताना कोकणातल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते काचोंच्या चेहऱ्यावर आलं होतं. मी रुमाल काढला, मग शरमेनं पुन्हा पर्समध्ये ठेवला.

आत दहा-बारा खुर्च्या. हंडा लोखंडी, काठापर्यंत भरलेला. काचोंनी सांगितलं की, इथल्या जुन्या दुकानांत हा हंडा पूर्ण रिकामा करत नाहीत. जुन्या रश्शात नवी हाडं, नवं पाणी पडत राहतं, वर्षानुवर्षं. या पद्धतीचं नाव योबिमोदोशी, म्हणजे परत बोलावून घेणं. आपलं विरजण हाच न्याय. कालच्याशिवाय आजचं लागत नाही. तो रस्त्यापर्यंत पोचलेला वास या जुन्या-नव्याच्या मुरण्याचा होता.

वाडगा आला. रंग शुभ्र नव्हता, किंचित पिवळट-करडा. दाटपणा माझ्या टोकियोच्या वाडग्याच्या निम्मासुद्धा नाही, चमच्यातून पाण्यासारखा निथळला. काळं तेल नाही. अंडं चक्क कडक उकडलेलं. नूडल्स हाकातापेक्षा जरा जाड आणि मऊसर. वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तळलेले कण, त्यांना कारिकारि म्हणतात. ते आवडले. रस्सा तोंडात घेतल्यावर गल्लीत होता तो वास कुठे गेला कळलं नाही. पण मी तोवर रुमालापाशीच अडकले होते. तळाशी चमचा घातला तर काहीतरी रवाळ लागलं. गाळणी बरी नसावी.

काचो लघुशंकेला गेले तेवढ्यात वही काढली. पातळ. तेल नाही. अंडं साधं. नूडल्स नरम. वास! गाळ. साडेपाच.

ते परत आले तेव्हा वही मिटायची राहिली होती. वाकून बघत म्हणाले, "हा आकडा केवढा?"

"साडेआठ," मी म्हणाले.

त्यांना देवनागरी पाच येत नव्हता. खूश झाले. दुकानदारालाही सांगितलं त्यांनी, की इंडियातून आलेल्या बाईंनी साडेआठ दिलेत. दुकानदारानं हात पुसत कमरेत वाकून नमस्कार केला.

परतीच्या गाडीत काचोंना झोप लागली. मला लागेना. कुणाला साडेपाच दिल्याचं दुःख नव्हतं, खोटं बोलल्याचंही फारसं नाही, दुभाषाच्या धंद्यात त्याची सवय होते. पार्टीत मी झाडलेलं भाषण आठवत होतं. लाल आणि जहाल म्हणजे कोल्हापुरी, हे कुणी ठरवलं? आणि दाट, साय धरलेला, काळ्या तेलाचा म्हणजे तोन्कोत्सु, हे कुणी ठरवलं? टोकियोतल्या एका पावसाळी संध्याकाळी मी. नंतर वाचलं तर ते काळं तेल कुमामोतोचं निघालं, क्यूशूतच, पण कुरुमेच्या दक्षिणेला. वाहत्या बलकाचं अंडंही इथलं जुनं नव्हे. टोकियोच्या त्या दुकानदारानं चार गावांचे दागिने एकाच नवरीला घातले होते, आणि मी तिच्या अंगावरचे दागिने मोजून तिच्या आजीला साडेपाच दिले होते. काचोंनी मला कुरुमेला नेलं ते विषय बदलायला नव्हे, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. ते मात्र तोंड उघडं टाकून घोरत होते.

टोकियोचा तो वाडगा वाईट होता, असं माझं आजही म्हणणं नाही. फार चवदार होता, पुन्हा मिळाला तर पुन्हा खाईन. व्हेज कोल्हापुरीसुद्धा मी भूक लागली की हायवेवर खातेच. पण तिला गावाचं नाव लावून तिच्या मापानं गाव मोजणारा भेटला, की माझं डोकं फिरतं.

फुकुओका सोडायच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, एकटी कुरुमेला गेले. वही पर्समध्ये होती, सवयीनं. काढली नाही. साडेपाच खोडावेत असंही मनात आलं होतं, पण ते खोडायचे तर आधीचे-नंतरचे सगळेच खोडावे लागले असते. वास गल्लीच्या तोंडाशीच भेटला. या वेळी रुमाल काढला नाही, पण आवडला असंही नाही. ओळखीचा वाटला, बस.

दुकानदारानं मला ओळखलं. "साडेआठ!" म्हणाला आणि हसला. मी काय बोलणार?

वाडगा आल्या आल्या खाल्ला. फोटो नाही, निरीक्षण नाही. आधी रस्सा, मग नूडल्स, बाजूचं लाल लोणच्याचं आलं अगदी शेवटी, कारण ते आधी घातलं की सगळ्या रश्शाला गुलाबी रंग आणि आंबट चव येते. या वेळी हंड्याकडेही बघता आलं. दुकानदार मोठ्या पळीनं तळ ढवळत होता, नुसता ढवळत नव्हता, हाडं हंड्याच्या कडेवर दाबत होता. दाबली की ती फुटत होती, भिजलेल्या खडूसारखी. शेजारचे एक आजोबा खाऊन झाल्यावर वाडगा तिरका करून तळ बघत होते, जत्रेत पान संपल्यावर मामा पातेल्यात बघतात तसे. मग त्यांनी वाडगा उचलून काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवला, फडक्यानं आपल्या पुढ्यातली जागा पुसली, "गोचिसोसामा" म्हणाले, म्हणजे जेवणाबद्दल आभार, आणि गेले.

मीही शेवटपर्यंत प्यायले. तळाला रवाळ करड्या रंगाचा थर होता. बोटावर घेऊन चोळला. तिळाच्या कुटासारखा लागला, पण तीळ नव्हता. गाळणीचा काही दोष नव्हता. वाडगा वर ठेवला, जागा पुसली. निघण्याआधी तळाचा तेवढा एक फोटो काढला.

स्टेशनावर येऊन तो मामांना पाठवला. दोनच मिनिटांत त्यांचा फोन.

"हाडाचा चुरा हाय तळाला."

"हो."

"इतकं उकळल्यावर हाड काय ऱ्हायलंच न्हाई म्हण की. किती तास?"

"हंडा रिकामाच करत नाहीत म्हणे, मामा. वर्षानुवर्षं त्याच्यातच भर घालतात."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पलीकडे मामी कुणाला तरी हाक मारत होती. मग घसा खाकरून ते म्हणाले,

"भारी हाय गं. पर मटण कसलं, ते अजून सांगितलं न्हाईस तू."

"मामा, गाडी आली बघा," मी म्हटलं. गाडीला अजून आठ मिनिटं होती.